आषाढीचा ड्राय डे, ‘आरोग्यासाठी’ परवाना आणि लाजाळू कायदा

चौथा_मजला · शनिवार, रात्री ११:४०

उद्या आषाढी, म्हणजे ड्राय डे. आज संध्याकाळी वडाळ्यात वाईन शॉपवर गेलो तर रांग फुटपाथवरून पार पलीकडच्या गॅरेजपर्यंत. त्या गॅरेजच्या दारातच एक बाई तुळशीच्या माळा आणि बुक्का घेऊन बसली होती. उद्या पहाटेपासून विठ्ठल मंदिराची रांग लागेल. आज ही रांग, उद्या ती, आणि पैज लावतो, निम्मी डोकी तीच.

मला स्वतःसाठी काही नको होतं. गावाहून मामा आलेत. गुडघ्यांनी वारी सोडायला लावली, तेव्हापासून ते वडाळ्याच्या विठोबावर भागवतात. त्यांच्यासाठी रमची एक क्वार्टर. काउंटरवरच्या पोराने न विचारता एका पुस्तकातून चिठोरं फाडलं, नावाच्या जागी काहीतरी गिरमिटलं आणि पाच रुपये जास्त लावले. एक दिवसाचा परवाना! वीस वर्षं मुंबईत राहून तो आज पहिल्यांदा वाचला. त्यावर लिहिलंय की परवानाधारकाला आरोग्य राखण्यासाठी मद्याची गरज आहे. मामांचा आजार कोणता म्हणाल तर आषाढी.

घरी येऊन शोधाशोध केली. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा अजून ठणठणीत आहे, नाव तेवढं आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम झालंय. म्हणजे कायद्याच्या नजरेत आपण दारूबंदीच्या राज्यात राहतो आणि पिणारा प्रत्येक जण पेशंट आहे. परवाना नसेल तर घरात बाटली ठेवणंही गुन्हा.

मामांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, “एकादशीला मी थेंब घेत नाही. दुकान उघडं असलं तरी नाही. मग सरकार बंद कुणासाठी ठेवतंय?”

धाग्याचा विषय हाच. धर्म किंवा नीती कायद्यात शिरते यावर माझी तक्रार नाही, शिरणारच. कायदा करणारी माणसं काही मंगळावरून येत नाहीत. माझी तक्रार अशी की कायदा आपलं खरं कारण सांगायला लाजतो. एकादशी म्हणून बंद असं परवान्यावर कुठे लिहिणार? तिथे ‘आरोग्य’ लिहायचं. अशी आणखी उदाहरणं तुम्हाला सुचतायत का?

स्लो_लोकल · शनिवार, रात्री ११:५२

पहिलं उदाहरण: पंचविशीच्या आत ‘आरोग्य’ बिघडत नाही. आपल्याकडे हार्ड लिकरसाठी वय २५. मतदान १८, मुलाचं लग्न २१, पेग २५.

नाना_हिंदू_कॉलनी · रविवार, सकाळी ६:१५

रामकृष्णहरी मंडळी. विठ्ठल दर्शन करून आलो, पाय दुखतायत, म्हणून थोडक्यात.

वर्षातले चार-सहा दिवस दुकान बंद ठेवलं तर आभाळ कोसळतं का? समाजाच्या श्रद्धेचा मान राखणं हेही सरकारचं कामच आहे. प्रत्येक गोष्टीत तर्क शोधायचा तर रविवारची सुट्टी तरी कशासाठी? तीही चर्चमधूनच आली. ती मात्र सगळ्यांना हवी असते!

चौथा_मजला · रविवार, सकाळी ९:०५

नाना, रविवारचा मुद्दा कबूल. पण रविवारी मी ऑफिसला गेलो तर मला कुणी पकडत नाही हो.

कोकणी_रझिया · रविवार, सकाळी १०:३०

उदाहरण मागितलंत ना, घ्या.

गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली केली, तिला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली मार्च २०१५मध्ये. गाईची कत्तल १९७६च्या कायद्यापासून बंद होतीच, आता बैल आणि वळूही आले. एवढंच नाही, दुसऱ्या राज्यात कायदेशीर कापलेलं मांस इथे घरात ठेवणं हाही गुन्हा झाला. आता संविधानातलं मूळ कलम ४८ वाचा. त्यात धर्माचं नाव नाही, श्रद्धेचं नाही. सुरुवात होते ती शेती आणि पशुसंवर्धन ‘आधुनिक आणि शास्त्रीय’ पद्धतीने करण्यापासून. शास्त्रीय! भाकड बैल बाजारात विकून त्या पैशात नवी जोडी घेणारा शेतकरी मग अशास्त्रीय ठरला.

आमच्याकडे कुर्ल्याला म्हशीचं मटण यायचं. ते तेव्हाही चालत होतं, आजही चालतं. पण मार्च २०१५नंतर अब्बा खाटकाकडून आवर्जून पावती घेऊ लागले. घरी आले की चार घड्या घालून ती फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या खणात ठेवायचे. मटण संपायचं, पावती राहायची. कुणी आलंच विचारायला तर! पेशाने शाळामास्तर, आयुष्यात कधी विनातिकीट ट्रेनमध्ये न बसलेला माणूस. मे २०१६मध्ये हायकोर्टाने घरात मांस बाळगण्याचं ते कलम रद्द केलं, नागरिकाच्या खासगीपणावर घाला म्हणून. कत्तलबंदी कायम ठेवली. अम्मीने त्या दिवशी अंड्यांचा खण रिकामा केला. एकवीस पावत्या निघाल्या.

नाना, तुमच्या श्रद्धेचा मान राखायला मला काही जड जात नाही. गाय आम्ही कधी खाल्लीही नाही. पण मान राखणं वेगळं आणि फ्रीज उघडून दाखवणं वेगळं.

नाना_हिंदू_कॉलनी · रविवार, सकाळी ११:१०

रझियाताई, फ्रीजपर्यंत जाऊ नये हे मान्य. ते कलम गेलं ते बरंच झालं.

अण्णा_फॅन · रविवार, दुपारी १२:२०

सगळं बोलायचं ते हिंदूंवरच. दुसऱ्यांच्या कायद्यांवर धागा काढायची हिंमत आहे का?

स्लो_लोकल · रविवार, दुपारी १२:२४

आला बाबा आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो. (ड्राय डे असल्याने नुसतेच.)

मैथिली_वकील · रविवार, दुपारी ३:४५

अण्णा_फॅन, हिंमत आहे, पण त्याआधी धागाकर्त्यांच्या मुद्द्याला उलटं टोक लावते. लांबण लागेल.

तुम्ही म्हणता कायदा धर्माचं कारण लपवतो. आपल्या मुंबईतलाच एक खटला असा आहे की लोकांनी धर्माच्या नावाने जो कायदा छातीशी धरला, तो आपल्या धर्मातला नव्हताच.

रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण ती वाढली सावत्र वडिलांकडे, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी. नवरा दादाजी भिकाजी. १८८४ साली त्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला: बायकोला नांदायला पाठवा. पहिला निकाल १८८५चा, न्यायमूर्ती पिन्ही यांचा, तिच्या बाजूने. अपिलात तो फिरला. १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाते. गावभर गदारोळ. ‘केसरी’पासून सगळीकडे आरडाओरड: हिंदू धर्मावर घाला, सरकारने आमच्या घरात नाक खुपसू नये.

आता गंमत पाहा. ‘नांदायला पाठवा’ हा दावा मुळात आला कुठून? इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून. आपल्या धर्मशास्त्रात बायकोची कर्तव्यं हवी तेवढी सापडतील, पण न नांदणाऱ्या बाईला सरकारने सहा महिने आत टाकावं हे सापडणार नाही. पिन्ही हेच म्हणत होते, की हे इंग्लंडातलं रोपटं इथे का लावायचं? त्याहून गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडने या कारणासाठी तुरुंगात टाकणं १८८४ सालीच बंद केलं होतं. ज्या वर्षी तिथे बंद झालं, त्याच वर्षी इथे दावा लागला, आणि तीन वर्षांनी आमचे लोक इंग्रजी चर्चचं उष्टं सनातन धर्म म्हणून मिरवत होते.

१८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेत वर्षानुवर्षं बायकांची बाळंतपणं केली.

आणि हे रोपटं? ते १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आजही उभं आहे. सुप्रीम कोर्टाने १९८४ साली ते वैध ठरवलं. इंग्लंडने मात्र १९७०मध्येच मुळासकट काढून टाकलं. माझ्याकडे महिन्याला एकतरी नवरा येतो, “मॅडम, ते नांदायला यायची नोटीस टाकायचीय.” बहुतेक वेळा पोटगी टाळायला.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चीही तीच कथा. १८६०च्या दंडसंहितेत इंग्रजांनी आपली व्हिक्टोरियन सोवळी नीती घातली, आणि दीडशे वर्षांनी ती काढायची वेळ आली तेव्हा “हे आपल्या संस्कृतीत बसत नाही” म्हणून लोक कोर्टाच्या पायऱ्यांवर. ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, समाजातल्या बहुसंख्यांची नीती नाही, संविधानाची नीती बघायची. हा शब्द काही त्या दिवशी जन्मला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत बाबासाहेबांनी तोच मांडला होता, आणि ही नीती उपजत नसते, ती रुजवावी लागते हेही तेव्हाच सांगितलं होतं.

स्लो_लोकल · रविवार, दुपारी ४:०२

_/\_ वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न परत घेतो.

अण्णा_फॅन · रविवार, दुपारी ४:३०

माहिती चांगली आहे. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.

मैथिली_वकील · रविवार, रात्री ८:१५

देते. तेही मुंबईचंच.

१९४६ साली मुंबई इलाख्यात हिंदूंच्या द्विभार्येला बंदी झाली. मुसलमानांना नाही. एकाने आव्हान दिलं, हा भेदभाव आहे. १९५१मध्ये आपल्याच हायकोर्टात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला की सरकार एकेका समाजात टप्प्याटप्प्याने सुधारणा करू शकतं, आणि व्यक्तिगत कायदे (लग्न, वारसा यांचे ज्याच्या त्याच्या धर्माचे कायदे) मूलभूत हक्कांच्या कात्रीत येतच नाहीत. तो नरसू अप्पा माळी निकाल अजून सगळ्यांच्या मानगुटीवर बसलाय, हिंदूंच्याही. मला विचाराल तर त्याचा दुसरा भाग चुकला.

बहिष्काराचं बघा. १९४९ साली मुंबई सरकारने कुठल्याही धर्म-जातीतून वाळीत टाकण्यावर बंदी घातली. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी आव्हान दिलं आणि १९६२मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला: बहिष्कृत करणं हा त्यांच्या धर्मव्यवस्थेचा भाग आहे म्हणून. पुढे जात पंचायतींनी इतकी घरं वाळीत टाकली की २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध नव्याने कायदा करावा लागला. मधली चोपन्न वर्षं वाळीत पडलेल्यांनी काय केलं असेल?

म्हणून धागाकर्त्यांना म्हणते, कायद्याची ती ‘लाज’ मला आवडते. ‘धर्मात सांगितलंय’ एवढं कारण कोर्टात चालत नाही, म्हणून तर सरकारला आरोग्य, पशुसंवर्धन, प्रतिष्ठा असं काहीतरी लिहून द्यावं लागतं. आणि लिहून दिलं की मला उलटतपासणी करता येते: दाखवा, कुठे आहे आरोग्य? श्रद्धेची उलटतपासणी कशी करणार?

चौथा_मजला · रविवार, रात्री ८:४०

वकीलबाई, हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. पण उलटतपासणी करायला कोर्टात जायला लागतं. रझियाताईंच्या वडिलांनी चौदा महिने पावत्याच साठवल्या ना?

लालबागची_पोर · रविवार, रात्री ९:२०

‘प्रतिष्ठा’ हा शब्द आला म्हणून लिहितेय. एरवी मी वाचनमात्र.

२००५ साली मी सहावीत. आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक ताई भाड्याने राहायची. तिची मुलगी माझ्याच वर्गात. ताई संध्याकाळी पाच-सव्वापाचला निघायची, अंगावर साधा पंजाबी ड्रेस, हातात मोठी बॅग. नाक्यावर टॅक्सीत आणखी तिघी बसलेल्या असायच्या. ती कुठे जाते हे मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं, बोलायचं कुणी नाही. गणपतीची वर्गणी सगळ्यात जास्त तिची. नळावर भांडण झालं की मात्र पहिली शिवी तिच्यावरच निघायची.

त्या ऑगस्टमध्ये डान्स बार बंद झाले. २६ जुलैच्या पाण्याचे डाग अजून खालच्या खोल्यांच्या भिंतींवर होते, म्हणून महिना पक्का लक्षात आहे. टीव्हीवर रोज तेच: तरुण पिढी बिघडतेय, स्त्रियांची प्रतिष्ठा. ताई पाच वाजता घरीच दिसायला लागली. आधी बांगड्या गेल्या, मग टीव्ही. दिवाळीनंतर तिची मुलगी शाळेत आलीच नाही.

मोठी झाल्यावर निकाल वाचले. त्याच कायद्यात तीन तारे आणि त्याच्या वरच्या हॉटेलांना सूट होती! तिथे नाचलं तर प्रतिष्ठा जात नव्हती. हायकोर्टाने २००६मध्ये बंदी उडवली, सुप्रीम कोर्टाने २०१३मध्ये त्यावर शिक्का मारला, नेमका याच भेदभावावर बोट ठेवून. सरकारने पुन्हा कायदा केला, २०१६ला आणखी एक केला, त्यातल्या बऱ्याच अटी २०१९ला पुन्हा कोर्टात पडल्या. एक अट होती, देवळापासून आणि शाळेपासून एक किलोमीटर लांब. मुंबईत देवळापासून एक किलोमीटर लांब म्हणजे समुद्रातच की!

मैथिलीताई, तुमची उलटतपासणी जिंकली, खरंच जिंकली. आठ वर्षं लागली सुप्रीम कोर्टापर्यंत. ती मुलगी तोवर वीस वर्षांची झाली असेल.

नाना_हिंदू_कॉलनी · रविवार, रात्री १०:०५

मी त्या वेळी बंदीच्या बाजूने सह्या गोळा केल्या होत्या. आमच्या कॉलनीतल्या एका मुलाने बापाचा पीएफ तिथे उधळला होता. त्या माउलीचं रडणं मी ऐकलंय. तेव्हा दुसऱ्या बाजूला कोण आहे याचा विचार मनात आला नाही. आला असता तरी सही केली असती बहुधा. खोटं कशाला बोलू?

मैथिली_वकील · रविवार, रात्री १०:२०

पोरी, याला माझ्याकडे उत्तर नाही. कोर्ट कायदा रद्द करतं, गेलेली वर्षं नाही.

मुलुंड_ईस्ट · रविवार, रात्री ११:००

थोडं अवांतर. तुम्ही सगळे सरकारी कायद्याबद्दल बोलताय. सोसायटीच्या ‘कायद्या’चं काय? मागच्या वर्षी आम्ही फ्लॅट बघत होतो. एजंटने फोनवर पहिला प्रश्न केला, “नॉनव्हेज?” मी म्हटलं, अहो आम्ही मालवणी. फोन कट. हे कुठल्या कलमात बसतं?

मैथिली_वकील · सोमवार, सकाळी ८:५०

दुर्दैवाने २००५चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सोसायट्यांच्या बाजूचा आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासद पारशीच असावेत असा उपविधी ठेवला होता, कोर्टाने तो मान्य केला. संविधानाने सरकारवर बंधनं घातली आहेत, शेजाऱ्यावर फारशी नाहीत. अर्थात खाण्यावरून फ्लॅट नाकारा असं काही त्या निकालात म्हटलेलं नाही. एजंटने लेखी दिलं तर मला पाठवा. देणार नाही.

स्लो_लोकल · सोमवार, सकाळी ९:१२

म्हणजे सरकारचा कायदा लाजतो, सोसायटीचा फोन कट करतो. आणि हो, ज्यांच्यासाठी हा धागा निघाला त्या मामांचं काय झालं? क्वार्टर उघडली की नाही?

चौथा_मजला · सोमवार, रात्री १०:३०

आज द्वादशी. सकाळी पारणं झालं, संध्याकाळी बाटली. मामांना अख्खा धागा वाचून दाखवला, अण्णा_फॅनसकट. लालबागच्या ताईपाशी आलो तेव्हा त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मग म्हणाले, तुमच्या त्या वकीलबाईंना सांग, आमच्या गावातही कायदा आहे, पण त्याला कुणाची लाज नाही. मला वाटलं ग्रामसभेचा काहीतरी ठराव असेल. तर ती आडवी बाटली निघाली! मुंबईकरांसाठी सांगतो: गावातल्या बायका मागणी करतात, मग मतदान होतं, मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून जास्त बायांनी आडवी केली की दुकान बंद. मामांच्या गावात तसं झालं. त्यात आरोग्य नाही, एकादशी नाही, संस्कृतीही नाही. ज्यांच्या घरी रात्री दारावर लाथ बसायची त्यांनी शिक्का मारला, बस.

मी विचारलं, मग मतदानात पुढाकार कोणाचा होता? मामांनी विषय बदलून गुडघ्यावर आणला. म्हणून मामीला फोन लावला. ती म्हणाली, “पुढाकार कुणाचा म्हंजे? घरोघरी मी फिरले. ह्यांच्या थोरल्या भावाला मीच तीनदा गटारातून उचलून आणला होता, चौथ्या वेळी उचलायला गेले तर गार पडला होता.” आणि मग, “तुझ्याकडं घेतली काय त्यांनी? घेऊ दे एक. वर्षातनं एकदाच जातात तिकडं. पन चिठ्ठीवर माझं नाव लिहू नगं.”

आता कळलं, विठोबा पंढरपूरचा सोडून वडाळ्याचा का.